परतीचा कागद

रात्री बाराला दुकान उघडायचं, असा कंपनीचा हुकूम.
इव्हालोत डिसेंबरात रात्रीचे बारा काय नि दुपारचे बारा काय,
सूर्याने तोंड दाखवून पंधरा दिवस झालेले.
तरी सहाजण आले. उणे एकोणतीस.
भुवयांवर पांढरं, काखेत थर्मास,
आणि काचेवर मीच चिकटवलेलं पोस्टर:
'अंधार संपला.'

वेइक्काने खोका तिथेच फोडला, बर्फात,
हातमोजा दातांत धरून.
पडदा पेटला. सगळे वाकले,
बारशाला पाळण्यावर वाकावं तसे.
अकरा मिनिटांत थंडीने बॅटरीने मान टाकली.
आत नेऊन रेडिएटरवर शेकलं त्याला,
तेव्हा कुठे पोर रडलं.

सातवी टेल्लेर्वो. ती सकाळी आली,
म्हणजे घड्याळातल्या सकाळी,
एका पायाने रेटायच्या घसरगाडीवरून.
'हा अंधारात फोटो काढतो?'
'मांजराला लाजवेल,' मी म्हटलं.
(दर फोनमागे मला नऊ युरो सुटतात. सांगून टाकलेलं बरं.)

आठव्या दिवशी परत. खोका जसाच्या तसा,
कडेची पट्टीसुद्धा पुन्हा चिकटवलेली.
परतीच्या कागदावर कारणांचे रकाने:
पडदा फुटला, आवाज येत नाही, तापतो, इतर.
मी पेन धरून. 'काय झालं?'
'चांगला आहे,' ती म्हणाली,
'जाहिरातीपेक्षा काकणभर सरसच.
तेच तर.'

मग कोटाची वरची गुंडी सोडून सांगत गेली.
धाकटी बहीण आयलिक्की, एकोणिसाव्या वर्षी बोटीने पर्थला गेली,
तिथेच म्हातारी झाली.
आता डोळ्यांत सारखं ऊन,
पडदे ओढले तरी फटीतून येतं.
म्हणाली, आपल्याकडचा अंधार पाठव मला.
गोठ्यामागचा.
जिथे आपण एकमेकींचा हात सोडत नव्हतो.

'तर गेले गोठ्यामागे, काढला फोटो.
बघते तर काय, दुपार!
कुंपणाचा खांब न् खांब,
बर्चच्या साली मोजून घ्याव्यात.
आणि लहानपणापासून ज्याला आम्ही अस्वल म्हणत आलो
तो निघाला लाकडांचा ढीग.
आयलिक्की विचारते, कुठल्या जूनमधला गं हा?'

काय उजेड पाडलास, म्हणतात ना कुणाला खोचून,
याने तर खरंच पाडला होता,
पाट्या भरभरून, न मागता.

मी सेटिंगांत शिरलो. हे बंद, ते बंद.
दुकानाचे दिवे मालवून मागच्या कोठीत उभे राहिलो दोघं
फरशी पुसायच्या बादलीशेजारी.
सगळं बंद केलं तरी त्याला राहवेना.
बादली उजळली, माझे बूट उजळले,
तिचा चेहरा उजळला.
त्यावर मी बघू नये असं काहीतरी होतं.
नाइलाजाने दिसलं.

खणात माझा जुना फोन पडला होता,
तडा गेलेला, गजरापुरता उरलेला.
तो दिला. पैसे नको म्हटलं,
तर सुकवलेल्या माशांची पुडी ठेवून गेली काउंटरवर.

संध्याकाळी कंपनीचा नेहमीचा प्रश्न:
ग्राहकाची अपेक्षा पुरी झाली का?
सहा वेळा 'हो' केलं, वेइक्कासकट.
तो दिवसभर कुत्र्याच्या नाकपुड्यांचे फोटो काढतो, खूश आहे.
सातव्याला बोट अडलं.
मग तिथेही 'हो'.
आणि कागदावर, 'इतर'पुढे, मावेल तेवढ्यात:
'अंधार हवा होता. शिल्लक नाही.'

शनिवारी ती दूध घेताना दिसली.
मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.
घसरगाडीला दिवा बांधून देऊ, म्हटलं होतं मागे एकदा,
नको म्हणाली होती.
रस्त्यावरचा शेवटचा खांब ओलांडला
की ती दिसेनाशी होते,
नुसता पात्यांचा आवाज
बराच वेळ येत राहतो.